तीन भाषांची माती

आदिलाबाद जिल्ह्यात सिरिकोंडा नावाचे एक गाव आहे. पौष महिना लागला की केसलापूरच्या मेसराम कुळाचा छकडा या गावी येतो आणि एका कुंभाराच्या घरासमोर थांबतो. नागोबाच्या महापूजेसाठी लागणारे रांजण, घागरी, झाकण्या आणि दिवे याच घराण्याने घडवावेत, असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मेसराम हे गोंड. कुंभार मात्र गोंड नव्हे. त्याची जात निराळी आणि घरची भाषा तेलुगू. तरीही त्याच्या चाकावरून भांडी उतरल्याखेरीज गोंडांच्या या मोठ्या दैवताची पूजा सुरू होत नाही. बाजारात मडक्यांना तोटा नाही. परंतु ती या कामी चालत नाहीत. आम्हांला या प्रथेत जे मर्म दिसते, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आदिलाबाद हे नाव मराठी वाचकांना परके नसावे. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ आणि पलीकडे आदिलाबाद, एवढेच काय ते अंतर. निजामाच्या राज्यात किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके याच जिल्ह्यात मोडत होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते मराठी मुलखाकडे आले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. पुढे २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. सरहद्दी हलल्या, माणसे होती तिथेच राहिली. त्यामुळे आदिलाबादच्या बाजारपेठेत आजही मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात आणि डोंगराकडे वळले की गोंडी व कोलामी त्यांत मिसळतात.

भांडी सांगून झाली की मेसराम मंडळी पाण्यासाठी निघतात. अंगावर पांढरी वस्त्रे, पाय अनवाणी, आणि सोबत जपून नेलेली झारी. जन्नारमच्या बाजूला गोदावरीचा हस्तिनामडुगु नावाचा डोह आहे. तिथपर्यंत रानावनांतून, गावोगावी मुक्काम करीत ही वाट पायीच चालायची. परतताना इंद्रवेल्लीच्या इंद्रादेवीची पूजा होते आणि मग मंडळी केसलापूरच्या वडाखाली येऊन उतरतात. पौष अमावास्येच्या रात्री गोदावरीच्या त्या पाण्याने नागोबाची महापूजा होते.

या सर्व प्रवासाची आणि नागोबाच्या अवताराची कथा गाऊन सांगण्याचा मान परधानाचा. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. किकरी नावाचे तंतुवाद्य वाजवीत ते यजमान कुळाचा सारा इतिहास गोंडीत म्हणतात. आता गंमत अशी, की आदिलाबादच्या या परधानांची स्वतःची मातृभाषा मराठी आहे! गोंडांचा अभ्यास करण्यासाठी आयुष्यातील कित्येक वर्षे या डोंगरांत घालवणारे मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनीही याची नोंद केली आहे. घरी मुलाला अंगाई मराठीत म्हणायची आणि यजमानाच्या कुळाचा पुराणपुरुष मात्र गोंडीत जागा करायचा. आमच्या मते मराठी भाषेने परमुलखात जी नाना कामे केली, त्यांत याइतके नम्र आणि याइतके मोलाचे काम क्वचितच सापडेल. आपल्याकडे तंजावरच्या सरस्वती महालाचे कौतुक होते, ते रास्तच आहे. किकरीवाल्या परधानाची आठवण मात्र कुणी काढीत नाही.

यानंतरचा विधी आमच्या विषयाशी अगदी निकटचा आहे. सिरिकोंड्याच्या घागरी मेसराम कुळाच्या लेकी आणि जावई यांच्या हाती येतात. ती जोडपी कोनेरूवरून पाणी आणतात, माती कालवतात आणि देवस्थानाच्या आवारात वारुळे घडवतात. नागाचे घर ते वारूळ, म्हणून ही मूर्तीच समजावी. कुळातील मुलांशी लग्न करून आलेल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून देण्याचा समारंभ याच यात्रेत होतो. त्याला 'भेटिंग' म्हणतात. हा शब्द ऐकताच मराठी माणसाच्या कानाला 'भेट' आठवल्यावाचून राहणार नाही. कुळाची माणसे हजारोंनी जमतात, तरी त्यांचा स्वयंपाक आवारातल्या ठरलेल्या २२ चुलींवरच होतो. कुणी आपली निराळी चूल मांडायची नाही.

ही कला म्हणायची काय, असा प्रश्न एखादा रसिक विचारील. चित्रशाळेत शिकलेल्या डोळ्यांना ती फार साधी वाटेल, हे खरे. वारुळावर कुणाची सही नसते आणि वर्षभरात ऊनपाऊस त्याची रया घालवतो. परंतु गावाच्या मध्यभागी, उघड्यावर, सर्वांसमक्ष आणि सर्वांच्या हातांनी घडणारी, सर्वांना अर्थ कळणारी कृती म्हणजे सार्वजनिक कला नव्हे, तर मग सार्वजनिक कला तरी कशाला म्हणावे? तेलुगू कुंभाराने भाजलेली घागर, गोंड लेकीने कालवलेली माती आणि मराठी बोलणाऱ्या परधानाचे गाणे, यांतले एक काढून घेतले की बाकीची दोन अडून बसतात.

शहरांतून अलीकडे हाच विचार निराळ्या रूपाने येत आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९८४ साली भिंती विद्रूप करणाऱ्या पोरांना आवरण्यासाठी नगरपालिकेने एक योजना काढली. जेन गोल्डन या चित्रकर्तीने त्याच पोरांच्या हाती कुंचले दिले आणि त्यांच्याच मोहल्ल्यांतील भिंती त्यांच्याकडून रंगवून घेतल्या. त्यातून पुढे जे काम उभे राहिले, त्याने त्या शहरातील हजारो भिंती चितारल्या. भिंतीवर काय काढायचे हे ठरवताना त्या वस्तीतील लोकांशी बोलायचे, हा तेथील परिपाठ. आपल्याकडे हैदराबादेत नेकलेस रोडलगतच्या मक्ता वस्तीतील घरांच्या भिंती २०१६ साली चित्रकारांनी रंगवल्या आणि एरवी ज्या गल्लीकडे कुणी फिरकत नसे, तिथे माणसे मुद्दाम पाहायला जाऊ लागली. दिल्लीच्या लोधी कॉलनीतही असेच झाले. हे सारे स्वागतार्ह आहे. तथापि बाहेरून आलेला चित्रकार भिंत रंगवून निघून जातो आणि वस्तीतला माणूस दारात उभा राहून पाहतो, तेव्हा वस्ती देखणी होते. पण शेजार जुळतोच असे नाही.

आणि दूर कशाला जावे? आपलाच गणेशोत्सव पाहा. १८९३ साली लोकमान्यांनी त्याला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा आळीतली पोरे मखर बांधीत, मेळ्याची पदे बसवीत, घरोघर फिरून वर्गणी गोळा करीत. महाराष्ट्राबाहेर आपली मंडळे निघाली तीही याच धर्तीवर. हैदराबाद, इंदूर, बडोदे, बंगलोर, कुठेही जा. मराठी माणसाने प्रथम गणपती बसवला आणि मग वाचनालय काढले. परंतु आज मखराचा ठेका देतात, आरास भाड्याने येते आणि शेजारच्या तेलुगू किंवा कानडी कुटुंबाला आपण आरतीचे आमंत्रण देतो, प्रसाद देतो. मोठ्या अगत्याने देतो, यात शंका नाही. पण काम देत नाही. ज्याच्यावाचून गणपती बसणारच नाही असे एखादे काम आपल्या मंडपात शेजाऱ्याकडे आहे काय? पाहुण्याचा पाट मांडणे सोपे. सिरिकोंड्याच्या कुंभाराला जे स्थान आहे, ते देणे अवघड.

डोंगरातल्या दंडारीतही हीच देवघेव आढळते. दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडारी पथके एका गावाहून दुसऱ्या गावी नाचत जातात. अंगाला राख फासलेले, डोक्यावर मोरपिसांचा भरगच्च टोप घातलेले गुसाडी त्यांत पुढे असतात. ज्या गावी पथक उतरले, त्या गावाने त्याला जेवू घालायचे आणि नंतर आपले पथक घेऊन परतभेटीला जायचे. नाचता नाचता सोयरिकी ठरतात, जुनी भांडणे मिटतात. पूर्व विदर्भातील दंडार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नावाचे साम्य जाणवेल. मार्लवाईच्या कनकराजूंनी हे गुसाडी नृत्य आयुष्यभर जपले आणि तरुणांना शिकवले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर असताना, ते निवर्तले.

येथवर वाचून कुणाची अशी समजूत होऊ नये, की गाणे-नाचणे असले म्हणजे त्या मुलखात सारे आलबेल असते. तसे ते नाही. जमिनीचा प्रश्न या डोंगरांत फार जुना आहे. त्याच प्रश्नावर कोमराम भीम लढले आणि १९४० साली जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांना पाठवले आणि त्यांच्या प्रेरणेने नागोबाच्या यात्रेत दरबार भरू लागला. आदिवासींनी आपली गाऱ्हाणी अधिकाऱ्यांपुढे उघड मांडावीत, हा त्यामागील हेतू. आजही यात्रेत दरबार भरतो. पण गाऱ्हाणी मांडली म्हणून ती सुटतात असे थोडेच आहे? २०१७ च्या डिसेंबरात गोंड आणि लंबाडा यांच्यातील अनुसूचित जमातींच्या सवलतींचा वाद उटनूरच्या परिसरात हाणामारीवर गेला. पिढ्यान्‌पिढ्यांचे कुंभारकाम आणि परधानगायन त्याला अडवू शकले नाही. लंबाड्यांसाठी त्या विधीत जागाच नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

इंद्रवेल्लीचा स्तंभ हे त्या दुखऱ्या बाजूचे शिल्प आहे. २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारच्या बाजारी, जमिनीच्या पट्ट्यांसाठी सभा भरवण्यास जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोकांच्या तोंडी असलेला आकडा त्याहून कितीतरी मोठा आहे. मृतांच्या स्मरणार्थ लाल रंगाचा स्तंभ उभारला गेला. तो ऐंशीच्या दशकातच सुरुंगाने उडवून देण्यात आला आणि पुन्हा बांधला गेला. दगडमातीचा एक खांब कुणाला एवढा सलावा, यातच त्याचे सामर्थ्य दिसते. त्यानंतर कित्येक वर्षे २० एप्रिलला तिथे जमावबंदी असे. आई-बापाच्या नावाने फूल वाहायचे तर पोलिसांच्या फळीतून जावे लागे. पुष्कळांना तेही जमत नसे. २०२४ च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी स्वतः या स्तंभापाशी येऊन श्रद्धांजली वाहिली आणि तेथे स्मृतिवन करण्याचे काम हाती घेतले गेले.

केसलापूर याच इंद्रवेल्ली मंडळात येते. तेथील नागोबाचे नवे दगडी देऊळ मेसराम कुळाने सरकारकडे हात न पसरता स्वतःच्या वर्गणीतून बांधले; २०२२ च्या डिसेंबरात त्यात देवाची प्रतिष्ठापना झाली. शिल्पकाम कुशल कारागिरांचे आहे, खांब रेखीव आहेत. देऊळ दगडाचे झाले म्हणून वारुळांची माती मात्र सुटलेली नाही. महापूजा, भेटिंग आणि दरबार आटोपले की मेसराम मंडळी उटनूरजवळच्या श्यामपूरला बुडुमदेवाच्या यात्रेस जातात. पुढच्या पौषात छकडा पुन्हा सिरिकोंड्याची वाट धरतो.