निळ्या सीरमचा हिशेब

प्रसाधनांच्या बाजारात सध्या एका निळसर सीरमला बरीच मागणी आहे. बाटलीवर ठळक अक्षरांत 'कॉपर पेप्टाइड' लिहिलेले असते, घटकांच्या यादीत त्याचे नाव 'कॉपर ट्रायपेप्टाइड-१' असे असते. सुरकुत्या कमी होतील, त्वचा घट्ट होईल, केस दाट होतील, अशी त्याची ख्याती. दुसरीकडे तांबे हा जड धातू, तो तोंडाला कसा लावायचा, अशी धास्तीही ऐकू येते. वसई-विरारच्या वाचकाला हा वाद परका वाटायला नको. वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवली या पट्ट्यातल्या औद्योगिक गाळ्यांत प्रसाधने बनवणारे लहान कारखाने आहेत, आणि स्वतःचा कारखाना नसलेले ब्रँड अशाच परवानाधारकांकडून माल बनवून घेतात. तसे या किनाऱ्याला तांब्याचे आणि लेपांचे अप्रूप नवे नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे, कथील, अंजन आणि लेप एकत्र येतात, आणि त्याच ओघात पुढे आपल्या सोपाऱ्याचेही नाव येते. तेव्हाच्या ग्राहकाला लेपात काय आहे हे विचारण्याची सोय नव्हती. आज ती आहे, पण नेमकी या बाटलीपाशी येऊन ती अडते. तांब्याला भिण्याचे कारण नाही आणि त्याला भुलण्याचेही नाही. प्रश्न तांबे कोणत्या रूपात आहे, किती आहे आणि त्याच्याबरोबर आणखी काय आले आहे, एवढाच आहे. आणि आपले नियम या प्रश्नाला अर्धेच उत्तर देतात.

आधी हा पदार्थ काय आहे ते पाहू. ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन या तीन अमिनो आम्लांची ही छोटी साखळी अमेरिकी संशोधक लॉरेन पिकार्ट यांना १९७३ मध्ये माणसाच्या रक्तद्रवात सापडली. तांब्याचा अणू ती घट्ट धरून ठेवते, म्हणून तिचे द्रावण निळे दिसते. शरीराला तांबे लागतेच. त्वचेतल्या कोलॅजेन आणि इलॅस्टिन या तंतूंना एकमेकांत गुंफणारे विकर तांब्याशिवाय चालत नाही, आणि त्वचेचा रंग तयार करणारे टायरोसिनेजही तांब्यावरच चालते. यावरून तांबे त्वचेला 'पोषण' देते असा निष्कर्ष जाहिरातवाले एका उडीत काढतात. पेशींवरच्या आणि प्राण्यांच्या जखमांवरच्या प्रयोगांत या पेप्टाइडचा परिणाम दिसला आहे हे खरे. पण माणसाच्या चेहऱ्यावर झालेल्या चाचण्या लहान आहेत. काचेच्या बशीतल्या पेशीवर जे घडते ते बाहेरचा मृत थर पार करून आतही घडेलच, असे धरून चालता येत नाही. प्रयोगशाळेतला पुरावा आशादायक आहे आणि आरशातला माफक, इतकेच आज प्रामाणिकपणे म्हणता येईल.

आता धास्तीकडे वळू. वसईच्या बागायतीत फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातले मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. त्यातले तांबे पाण्यात मोकळे होते. डोळ्यात गेले तर ते इजा करते, पोटात गेले तर उलट्या, रक्तपेशींचा नाश आणि मूत्रपिंडाला इजा, प्रसंगी मृत्यू. तेच तांबे पेप्टाइडच्या पकडीत असले की वागणे बदलते. मात्रेचा हिशेबही मांडून पाहावा. या संयुगाच्या वजनात तांबे सुमारे १६ टक्के असते. एखाद्या सीरममध्ये ते १ टक्का आहे आणि दिवसाला अर्धा मिलिलिटर लावले असे धरले, तर त्वचेवर ५ मिलिग्रॅम संयुग, म्हणजे सुमारे ०.८ मिलिग्रॅम तांबे पडते. प्रौढ माणसाला आहारातून रोज साधारण ०.९ मिलिग्रॅम तांबे हवे असे अमेरिकी शिफारस सांगते. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या आयएस १०५०० या मानकातली कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे लावलेले सगळे तांबे शरीरात शिरले, जे धड त्वचेतून होत नाही, तरी ते एका दिवसाच्या गरजेपलीकडे जात नाही. शरीरात तांबे साठत जाणारा विल्सनचा आजार असलेल्यांनी मात्र हा हिशेब स्वतःला लावू नये, डॉक्टरांना विचारावे.

यावर कोणी म्हणेल, मग नियमांचा एवढा बाऊ कशाला? आक्षेप रास्त आहे, पण हिशेबातले 'धड त्वचा' आणि '१ टक्का' हे दोन शब्द गृहीत आहेत, सिद्ध नाहीत. त्वचेला बारीक सुया टोचून वर सीरम चोळण्याची पद्धत पार्लरांतून रुळली आहे, आणि तिथे बाहेरच्या थराचे संरक्षण उरत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये याच पेप्टाइडच्या इंजेक्शनी रूपाला औषध-मिश्रणासाठी गंभीर जोखमीच्या वर्गात टाकले. कारणांत तांब्याच्या विषारीपणापेक्षा पेप्टाइडमधली अशुद्धी आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया हे मुद्दे होते. चोळायच्या वस्तूवरून टोचायच्या वस्तूबद्दल काही सिद्ध होत नाही, हे त्या निर्णयाचे मर्म. आणि १ टक्का खरोखर १ टक्का आहे का, त्यातले किती तांबे बांधलेले आणि किती मोकळे, कच्च्या मालाबरोबर शिसे किती आले, हे बाटलीच्या निळ्या रंगावरून कळत नाही. स्वस्तातल्या तांब्याच्या क्षारानेही पाणी निळे होते.

भारतीय कायदा इथे काय करतो? प्रसाधने १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात, आणि डिसेंबर २०२० पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. उत्पादनाचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेणाऱ्यालाही वेगळा परवाना लागतो, ज्याला धंद्यात सगळे 'लोन लायसन्स' म्हणतात. रंगांच्या बाबतीत नियम काटेकोर आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४७०७ मधल्या यादीतलेच रंग चालतात, आणि सेंद्रिय रंगांत आर्सेनिक दशलक्षात २, शिसे २० आणि शिशाव्यतिरिक्तचे जड धातू मिळून १०० भागांपेक्षा जास्त असता कामा नयेत. ही मर्यादा अशुद्धीसाठी आहे हे उघड आहे. पण क्लोरोफिलमधले मॅग्नेशियम काढून तांबे बसवलेला हिरवा रंग घेतला, तर त्याच्या रेणूतच काही टक्के तांबे असते. मर्यादा शब्दशः लावली तर तो बसणार नाही, आणि 'रेणूतले तांबे धरायचे नाही' म्हटले तर मोकळे तांबे मोजणारी वेगळी कसोटी हवी. अमेरिकेत या रंगासाठी एकूण तांबे आणि मोकळे तांबे वेगवेगळे तपासले जाते, आणि प्रसाधनांपैकी फक्त टूथपेस्टसारख्या दंतमंजनात, तेही ०.१ टक्क्यापर्यंत, तो चालतो.

कॉपर पेप्टाइड मात्र रंग म्हणून घातले जात नाही, ते क्रियाशील घटक म्हणून येते. तेव्हा रंगांच्या यादीचा पहारा त्याला आडवा येत नाही, आणि त्याच्या सुरक्षिततेचा भार सगळा उत्पादकाच्या सचोटीवर पडतो. युरोपात २०१३ पासून प्रत्येक प्रसाधनामागे सुरक्षितता-अहवाल असलेली फाइल लागते आणि शेवटच्या खेपेनंतर १० वर्षे ती जपावी लागते. अमेरिकेनेही २०२२ च्या कायद्याने सुरक्षिततेचा आधार जवळ ठेवणे सक्तीचे केले. यावर वालीवच्या गाळ्यातला उद्योजक म्हणेल, मोठ्या कंपन्यांना हे परवडते, आम्ही कागदांतच मरू. त्याची अडचण खोटी नाही. युरोपची फाइल जशीच्या तशी उचलून लहान कारखान्याच्या डोक्यावर ठेवावी असे मी म्हणत नाही. पण कच्च्या मालाच्या प्रत्येक लॉटचे विश्लेषण-प्रमाणपत्र, त्यात मोकळ्या तांब्याचा आणि शिशाचा आकडा, आणि बाटलीत किती टक्के घातले याची नोंद, एवढ्यासाठी वेगळा विभाग उघडावा लागत नाही. निर्यात करणारे हे आजही करतात. देशातल्या ग्राहकाला कमी का द्यावे, याचे उत्तर लहान उद्योगाच्या अडचणीत सापडत नाही.

'तांब्याच्या भांड्यातले पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पितो' हा आणखी एक लाडका युक्तिवाद. त्याच पिढ्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवत नसत, हे युक्तिवाद करणारे सोयीने विसरतात. आंबट पदार्थात तांबे मोकळे होते हे त्यांना रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होते. आजच्या सीरमलाही हेच लागू आहे: मोकळे तांबे क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण करते, म्हणून ही दोन सीरम एकावर एक लावली तर त्यातले एक तरी वाया जाण्याची शक्यता असते. काही विक्रेते मात्र दोन्ही एकाच संचात विकतात.

राहिला लेबलचा प्रश्न, आणि मला वाटते खरी फट इथेच आहे. नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यायचे आणि बाकीचे त्यानंतर कोणत्याही क्रमाने. म्हणजे १ टक्का किंवा त्याहून कमी पेप्टाइड नेमके किती, हे यादीवरून कळत नाही. त्यावर कडी म्हणजे ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव पॅकवर घटकांची यादी छापण्याचे बंधनच नाही. ही सूट लहान बाटलीवर जागा नसते म्हणून दिलेली. पण सीरम साधारण ३० मिलिलिटरच्याच बाटलीत येते, आणि बहुतेक जण बाटली खोक्यात घालून विकतात. त्या खोक्यावर मॉडेलचे छायाचित्र मावते, तर यादीही मावेल. बरेच ब्रँड ती स्वखुशीने छापतात, त्यामुळे ती छापणे अशक्य नाही हे सिद्धच आहे. तोवर ग्राहकाने उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक आणि घटकांची यादी यांपैकी काहीही नसलेली निळी बाटली दुकानात परत ठेवावी, आणि परवाना क्रमांकच नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. लहान पॅकची सूट काढायला संसदेत जावे लागत नाही. औषध तांत्रिक सल्लागार मंडळाचा सल्ला घेऊन केंद्र सरकार ती अधिसूचनेने काढू शकते.