चीनमध्ये बिझनेस इंग्लिश शिकवायला जाण्याआधी

कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांतला एखादा काका किंवा मामा केपटाउनला, नाहीतर ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला असतो. त्यांची मुले तिथेच शिकलेली आणि तिथल्याच पासपोर्टची. त्यांतले कुणी शांघाय किंवा शेनझेनला इंग्रजी शिकवायला गेले, पगार चांगला मिळतो, राहायला जागाही मिळाली, ही बातमी फोनवरून इकडे पोहोचते आणि रत्नागिरी-मुंब्र्यातल्या मावस-चुलत भावंडांनाही वाटू लागते की आपणही प्रयत्न करावा. इंग्रजी दोघांचेही चांगले असते. पण चीनच्या दारात दोघांची वाट एक नसते, आणि शाळा निवडण्याची सुरुवात इथूनच करावी लागते.

चीनच्या नियमानुसार परदेशी माणसाने तिथे स्वतःच्या देशाची मातृभाषा असलेली भाषाच शिकवावी, असे अपेक्षित आहे. त्याशिवाय किमान बी.ए., बी.कॉम.सारखी पदवी आणि दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. शिक्षणशास्त्र किंवा भाषा विषयातली पदवी असेल, किंवा मान्यताप्राप्त अध्यापन प्रमाणपत्र असेल, तर अनुभवाची अट शिथिल होते. व्यवहारात इंग्रजीसाठी ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका हे देश धरले जातात. भारत त्यांत नाही. पुण्याच्या कॉलेजात वीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या प्राध्यापिका बाईंपेक्षा नुकताच पदवीधर झालेला केपटाउनचा मुलगा अधिक पात्र ठरावा, हे मनाला पटत नाही. पण परदेशात नोकरी तिथल्या कायद्याने मिळते, आपल्या पटण्याने नव्हे. भारतीय पासपोर्टवर चीनमध्ये शिकवायचेच असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळांत गणित, विज्ञानासारखे विषय शिकवण्याचा मार्ग पाहावा. तिथे मातृभाषेची ही अट आड येत नाही.

ही अडचण ठाऊक असूनही भारतीय तरुणांना ‘येऊन जा, बाकीचे आम्ही पाहतो’ असे सांगणारे दलाल असतातच. एम व्हिसा, म्हणजे व्यापारी भेटीचा व्हिसा, किंवा पर्यटक व्हिसावर बोलावायचे आणि वर्गात उभे करायचे, ही त्यांची जुनी रीत. २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यात अशा कामासाठी पाच हजार ते वीस हजार युआन दंड आहे. प्रकरण गंभीर ठरले तर पाच ते पंधरा दिवसांची कोठडी, आणि वर देशाबाहेर रवानगी. कायदेशीर क्रम साधा आहे. शाळा आधी चीनमध्ये तुमच्या नावाचे काम-परवान्याचे सूचनापत्र मिळवते. ते दाखवून तुम्ही आपल्या देशातून झेड व्हिसा घेता. चीनमध्ये उतरल्यावर ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. हा क्रम उलटा सांगणाऱ्या शाळेशी पगाराची बोलणी करण्यातच अर्थ नाही.

काम-परवाना त्या एका मालकाच्या नावाचा असतो. म्हणून ज्या कंपनीचे नाव सूचनापत्रावर आहे, तेच करारावर आहे का आणि पगारही तीच देणार आहे का, हे पाहावे. पुष्कळदा पाटी एका शाळेची, करार दुसऱ्या सल्लागार कंपनीचा आणि परवाना तिसऱ्याच गावच्या संस्थेचा निघतो. चीनमधल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीच्या व्यवसाय परवान्यावर अठरा अंकी-अक्षरी क्रमांक असतो. त्यावरून सरकारच्या सार्वजनिक नोंदीत कंपनीची स्थापना, पत्ता आणि कामाचे क्षेत्र तपासता येते. नोंद चिनी भाषेत असते, पण भाषांतराची सोय आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. परवान्याची प्रत मागितल्यावर चांगली शाळा ती दुसऱ्या दिवशी पाठवते.

शाळेच्या आर्थिक तब्येतीचाही अंदाज घ्यावा. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि मुलांना इंग्रजी शिकवणारा मोठा धंदा कोसळला. प्रौढांची व्यावसायिक इंग्रजी त्या आदेशाच्या कक्षेत नव्हती. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉल स्ट्रीट इंग्लिश या प्रौढांच्या नामांकित साखळीची चीनमधली केंद्रे बंद पडली. अशा शाळा विद्यार्थ्यांकडून वर्षा-दोन वर्षांची फी आगाऊ घेतात आणि त्याच पैशांवर नवी केंद्रे उघडतात. नवे प्रवेश आटले की पहिल्यांदा पगार लांबतो. त्यामुळे शाळेच्या झगमगीत स्वागतकक्षाच्या फोटोंपेक्षा तिथल्या सध्याच्या एका शिक्षकाशी आणि नोकरी सोडून गेलेल्या एका शिक्षकाशी बोलणे मोलाचे. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला जमा होतो?

आता प्रत्यक्ष कामाविषयी. बिझनेस इंग्लिश म्हणजे टाय लावून घेतलेला संभाषणाचा वर्ग नव्हे. समोर बसलेली व्यक्ती निर्यात कंपनीत काम करणारी असते. तिला उद्या सकाळी जर्मनीतल्या ग्राहकाला माल उशिरा का निघाला हे पत्राने कळवायचे असते. कुणाला फोनवर भाव ठरवायचा असतो, कुणाला बैठकीत पाच मिनिटे उभे राहून आकडे मांडायचे असतात. केंब्रिजची बी.ई.सी. ही व्यावसायिक इंग्रजीची परीक्षा १९९३ मध्ये प्रथम चीनमध्येच सुरू झाली. तिची तयारी करून घेणारे वर्गही असतात. शाळेला विचारावे की प्रवेशाआधी विद्यार्थ्यांची पातळी तपासता का, एका वर्गात किती जण बसवता, पुस्तक कोणते, आणि धडा तयार करण्याच्या वेळेचे पैसे मिळतात का. विक्रीच्या नादात लेखापाल आणि व्यवस्थापक, नवशिके आणि सरावलेले, सगळ्यांना एकाच वर्गात कोंबणाऱ्या शाळेत उत्तम शिक्षकही महिनाभरात थकतो. आपल्या घरांतल्या ज्या मुलांनी वडिलांच्या दुकानात, आखातातल्या ऑफिसात किंवा क्लिअरिंग एजंटकडे काम केले आहे, त्यांना बिल, मालाची पोच, पतपत्र या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. मुलाखतीत ही जमेची बाजू आवर्जून सांगावी.

विद्यार्थी नोकरदार असल्याने वर्ग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भरतात. काही शाळा शिक्षकाला कंपन्यांच्या ऑफिसात पाठवतात. मग मेट्रोतला दीड तास कामात धरणार की नाही, हे करारातच लिहून घ्यावे. ‘आठवड्याला २५ तास’ म्हणजे २५ तास शिकवणे की २५ तास केंद्रात हजर राहणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक ते तीन वर्षांच्या करारात परीक्षणकाळ दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, असे चीनचा कामगार कायदा सांगतो. पासपोर्ट मात्र ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ म्हणूनही शाळेकडे देऊ नये. करार दोन भाषांत असेल तर वादात बहुधा चिनी मजकूर ग्राह्य धरला जातो. सही करण्याआधी तो स्वतंत्रपणे वाचून घ्यावा. शाळेच्याच माणसाकडून नव्हे.

नमाजचा प्रश्न मुलाखतीत काढू नये असे काहींना वाटते. आमच्या मते काढावा, पण वेळापत्रकाच्या भाषेत. शुक्रवारी दुपारी वर्ग क्वचितच असतात, त्यामुळे जुम्मा बहुधा साधतो. अडचण होते ती मगरिबची. शांघायमध्ये हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि नमाज वर्गाआधीच होते; उन्हाळ्यात मात्र सात वाजता, ऐन वर्गाच्या मध्यावर. दोन तासिकांमध्ये दहा मिनिटांची सुट्टी असेल तर प्रश्न मिटतो. रमजान त्या काळात आला तर इफ्तारही तिथेच खजूर-पाण्यावर करावा लागेल, हे मनाशी धरून जावे. हिजाब वापरणाऱ्या मुलीने अर्जाला हिजाबमधलाच फोटो लावावा. ज्या शाळेला तो खटकेल, ती आधीच बाजूला होते.

खाण्याची चिंता वाटते तेवढी नाही. जवळपास प्रत्येक शहरात हुई किंवा वायव्येकडच्या मुस्लिमांची लांझोउ पद्धतीच्या नूडल्सची दुकाने असतात. हलालला तिथे ‘छिंगचेन’ म्हणतात. काही ठिकाणी अरबी पाट्या काढायला लावल्या गेल्या आहेत, म्हणून ही चिनी अक्षरे ओळखायला शिकून घ्यावीत. यिवूत जगभरचे, आपल्याकडचेही व्यापारी येतात, तिथे तर निवडीला वाव आहे. क्वांगचौची हुआयशेंग मशीद देशातल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक. शांघायच्या श्याओताओयुआन मशिदीला लागूनच स्त्रियांची स्वतंत्र मशीद आहे. मशिदीत जाऊन नमाज पढायला परदेशी माणसाला आडकाठी नाही, पण धर्मप्रसाराला कायद्याने सक्त मनाई आहे. वर्गात विद्यार्थ्याने कुतूहलाने विचारले तरी उत्तर दोन वाक्यांत द्यावे आणि धड्याकडे वळावे.

आणि जाण्याच्या घाईत विसरले जाणारे एक कलम परतीचे आहे. नोकरी सोडताना शाळेने सेवामुक्तीचे पत्र द्यायचे असते आणि काम-परवाना रद्द झाल्याची नोंद करायची असते. त्याविना दुसऱ्या शाळेत रुजू होणे जवळजवळ अशक्य होते. किती दिवसांची सूचना दिल्यावर ही कागदपत्रे मिळतील, हे करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.