रोग छातीत, पुरावा कोणाच्या दफ्तरात?

यंत्राच्या पट्ट्यात सापडून कामगाराचे बोट तुटले, तर पुरावा शोधत हिंडावे लागत नाही. दिवस, वेळ, पाळी, साक्षीदार हे सारे जागच्या जागी असते. परंतु कापसाची धूळ पंधरा-वीस वर्षे श्वासावाटे आत जाऊन ज्याची फुप्फुसे निकामी झाली, त्याच्या बाबतीत अपघाताचा दिवस कोणता मानावयाचा? साक्षीला कोणाला बोलवावयाचे? कायद्याने या दोघांनाही भरपाईचा हक्क दिलेला आहे. त्यातील दुसऱ्याचा हक्क मात्र बहुधा वैद्यकीय पुराव्यापाशी येऊन अडतो.

कायदा या बाबतीत मुका आहे असे नव्हे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आणि १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा या दोहोंच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती. कापसाच्या धुळीने होणारा ‘बिसिनोसिस’ आणि दगडाच्या धुळीने होणारा ‘सिलिकोसिस’ हे दोन्ही तीत होते. हे कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि यादी तिच्यातही कायम राहिली. यादीतील कामावर ठरावीक काळ सलग नोकरी केलेल्या कामगाराला यादीतील रोग जडला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तो नोकरीमुळेच जडला असे गृहीत धरावे, असे तत्त्व या कायद्यांनी स्वीकारले. म्हणजे कामगाराने दोनच गोष्टी दाखवावयाच्या: रोग कोणता, आणि काम कोठे व किती वर्षे केले. इतका उदार नियम असूनही दावे अडतात, कारण या दोन गोष्टींचाच कागद त्याच्यापाशी नसतो.

सोमवारची धाप

बिसिनोसिसचे स्वरूपच मुळी फसवे आहे. सूतगिरणीच्या ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यांत धूळ सर्वाधिक. तेथील कामगाराला आरंभी फक्त सोमवारी, सुटीनंतर कामावर रुजू होताच, छाती आवळल्यासारखी वाटते. मंगळवारी बरे वाटू लागते. पुढे हा त्रास आठवडाभर पुरतो आणि शेवटी कायमचा मुक्काम करतो. त्या अवस्थेत तो जुनाट खोकल्याच्या वा दम्याच्या विकारापासून वेगळा ओळखणे कठीण होते. क्ष-किरणांच्या चित्रात या रोगाची खास अशी खूण उमटत नाही. तेव्हा पुरावा दोनच ठिकाणी सापडू शकतो: रोग्याने सांगितलेल्या सोमवारच्या हकिकतीत, आणि सुटीनंतरच्या पहिल्या पाळीआधी व पाळीनंतर नळीत फुंकून घेतलेल्या श्वासाच्या मापनात. दोन मापनांतील घट हाच त्याचा साक्षीदार.

हा साक्षीदार कामगार कामावर असेपर्यंतच बोलतो. नोकरी सुटली, गिरणी बंद पडली, की सोमवार आणि मंगळवार यांतील फरकच उरत नाही. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत एकामागून एक गिरण्यांचे भोंगे बंद झाले. ज्याची छाती तेव्हाच भरलेली होती, पण ज्याच्या केसपेपरवर केवळ ‘खोकला’ असा शेरा होता, त्याने पुढे कोणत्या आधारावर दावा करावयाचा?

इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांमध्ये त्याचा धंदा कोणता या प्रश्नाची भर घालावी असे सांगितले. तीन शतके उलटून गेली, तरी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न राहूनच जातो. डॉक्टर ‘दमा’ लिहितात, औषध देतात. उपचाराच्या दृष्टीने ते पुष्कळदा पुरेसेही असते. पण नुसता ‘दमा’ त्या यादीत नाही. त्या एका शब्दाने कायद्याने दिलेले गृहीतक निष्प्रभ होते आणि कामगार पुन्हा रिकाम्या हाताने उभा राहतो.

टक्का कशाचा?

निदान झाले तरी दुसरा अडसर उरतोच. वैद्यकीय मंडळाने अपंगत्वाचा टक्का ठरवावयाचा असतो. पण भरपाई ठरते ती कमाईची शक्ती किती गेली यावरून. या दोन गोष्टी एक नव्हेत. डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या एका सुताराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले, तेव्हा १९७५ साली न्यायालयाने त्याची कमाईची शक्ती पूर्णपणे गेली असा आयुक्तांचा निर्णय कायम ठेवला, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. फुप्फुसांचेही तसेच आहे. श्वासाची क्षमता तिसऱ्या हिश्शाने घटलेला कारकून आपल्या मेजावर काम करू शकेल. कापसाचे गठ्ठे उचलणाऱ्या हमालाचा मात्र रोजगार संपला. म्हणून दाखल्यावर निदानाबरोबरच तो मनुष्य कोणते काम करीत होता आणि आता त्यातील काय करू शकत नाही, हे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. नुसत्या आकड्याला जीभ नसते.

जबाबदारी कोणाची?

येथे खरा प्रश्न उभा राहतो. पुरावा जमविण्याचे ओझे धाप लागलेल्या माणसानेच का वाहावे? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात याचे उत्तर दिलेले आहे. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी, असा आदेश न्यायालयाने मालकांना दिला. रोग उशिरा प्रकट होतो, म्हणून नोंद त्याहून अधिक काळ जगली पाहिजे, हा त्यामागील विचार. तो कापसाच्या आणि दगडाच्या धुळीलाही तितकाच लागू पडतो. डॉक्टरांवरही कर्तव्य आहे: यादीतील रोगाचा नुसता संशय आला, तरी कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवावे, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमात होते आणि नव्या संहितेतही आहे.

ही कर्तव्ये पाळली गेली नाहीत म्हणजे काय होते, हे गोध्रा परिसरातील दगड दळणाऱ्या कारखान्यांनी दाखविले. तेथे राबून परतलेले मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर सिलिकोसिसने दगावले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली. ते गुजरात सरकारने द्यावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघण्यास २०१६ साल उजाडले. हक्क सिद्ध झाला, पण तो भोगण्यास हक्कदार उरला नव्हता. याउलट राजस्थानने २०१९ च्या धोरणात मजुराला स्वतः नोंदणी करण्याची मुभा दिली आणि निदान प्रमाणित होताच ३ लाख रुपये, मृत्यूनंतर वारसांना आणखी २ लाख रुपये देण्याची तरतूद केली. मालकाचा शोध घेत बसण्याची वेळ रोग्यावर येऊ नये, ही त्यातील दृष्टी अनुकरणीय आहे.

महाराष्ट्रात भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर या गावांचे जीवन सुतावरच चालते. तेथील यंत्रमागांवर राबणाऱ्या कितीतरी कामगारांपाशी नेमणुकीचा कागदही नसतो. अशा ठिकाणी वर्षातून एकदा श्वासाचे मापन, केसपेपरवर खात्याची व वर्षांची नोंद, आणि त्या नोंदीची एक प्रत कामगाराच्या हाती, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. यासाठी नवा कायदा नको. हवी आहे ती आहे त्या कायद्याची चाड. शिकलेल्या शेजाऱ्यानेही अर्ज लिहून देताना रोगाबरोबर खाते आणि वर्षे विचारून घ्यावीत. दाव्याचा निकाल मंडळापुढे लागतो खरा. पण तो जिंकला किंवा हरला जातो दहा वर्षे आधी, दवाखान्यातील त्या पहिल्या कागदावर.