बंदूक घेताना काडतुसाचं माप आधी पाहा



मका, भुईमूग हाताशी आला, की रानडुकरं आणि रोही एका रात्रीत वावर तुडवून जातात. अशा वेळी राखणीला आणि घराच्या रक्षणाला परवान्याची बंदूक असावी, असं वाटणं साहजिक आहे. हल्ली दुनळीऐवजी पंप ॲक्शन बंदुकीकडेही लोक वळतात. ती घ्यावी का, आणि तिला काडतूस किती लांबीचं लावावं, ते समजून घेऊ.

आधी परवाना, मग बंदूक

1959 च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या राखणीसाठी मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. तिच्यानं भागणार नाही, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर छऱ्याची दुसरी बंदूक मिळू शकते. तिची नळी निदान 20 इंच लांब हवी. तेव्हा परवाना हाती पडल्याशिवाय दुकानदाराला इसार देऊ नका. आणखी एक गोष्ट. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रानडुक्कर किंवा रोही मारायला वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते.

पंप ॲक्शन म्हणजे काय?

हिला नळी एकच असते. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागं एक भरतात. पुढची पकड मागं ओढली, की रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढं ढकलली, की नवं आत जातं. हे काम हातानं होत असल्यामुळं काडतूस हलकं असो वा जोरकस, बंदूक चालते. ही तिची जमेची बाजू. उणी बाजू अशी, की दुनळी मोडून धरली तर रिकामी आहे का भरलेली, हे चार माणसांना लांबूनही दिसतं. पंपात काडतूस आत दडून राहतं. घरात लेकरंबाळं असतील, तर याचा विचार जरूर करा.

65, 70 आणि 76 ची भानगड

बारा बोअर हे नळीच्या जाडीचं माप. त्यानं काडतुसाची लांबी कळत नाही. काडतूस बसायच्या घराला चेंबर म्हणतात. जुन्या दुनळींत ते बऱ्याचदा 65 मिलिमीटरचं, म्हणजे अडीच इंची असतं. नव्या बंदुकांत 70 मिलिमीटरचं, म्हणजे पावणेतीन इंची असतं. काहींत 76 मिलिमीटरचं, म्हणजे तीन इंची असतं.

आता तुम्ही म्हणाल, 70 चं काडतूस 65 च्या घरात जाणारच नाही, मग भीती कसली? खरी मेख इथंच आहे. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडाल्यानंतरची असते. उडण्याआधी त्याच्या तोंडाला घडी घातलेली असते, म्हणून 70 चं काडतूस जेमतेम 58 मिलिमीटर भरतं आणि 65 च्या घरात बिनबोभाट बसतं. बार उडाला, की घडी पुढं उघडते. पण तिथं घर संपून नळी अरुंद व्हायला लागलेली असते. वाट आवळली जाते, आतला दाब वाढतो. जुनी, झिजलेली नळी अशा दाबानं फाटू शकते, आणि डावा हात नेमका तिथंच असतो.

म्हणून नियम एकच: आखूड काडतूस लांब घरात चालेल, लांब काडतूस आखूड घरात कधीही नाही.

घराचं माप नळीच्या मागच्या टोकाशी कोरलेलं असतं. दुनळीत ते नळ्या काढल्यावर खालच्या बाजूला दिसतं. खूण पुसली असेल, तर परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या. तोवर त्या बंदुकीला हात लावू नका.

मग घ्यावी कोणती?

सर्वसाधारण कामाला बारा बोअर, 70 मिलिमीटर घराची बंदूक पुरेशी आहे. 76 चं घर असेल तर 70 चं काडतूस त्यातही चालतं. पण 76 चं काडतूस खांद्याला जोराचा धक्का देतं, आणि लांब असल्यामुळं खालच्या नळीत कमी मावतात. रोजच्या कामाला त्याची गरज नाही.

घरात जुनी 65 ची दुनळी आणि नवी 70 ची बंदूक अशा दोन्ही असतील, तर काडतुसं वेगवेगळ्या डब्यांत, वर ठळक आकडा लिहून ठेवा. वीस बोअरचं काडतूस तर बारा बोअरच्या जवळपासही नको. ते घसरून नळीत पुढं अडकतं. बंदूक रिकामी समजून मागून दुसरं भरलं, की नळी फुटते.

हे विसरू नका

बंदूक हातात घेतली, की पहिल्यांदा पकड मागं ओढून आत डोळ्यांनी पाहा आणि बोटानं चाचपा. चापावर बोट नेम धरल्यावरच. अंधारात, नुसत्या सळसळीवर बार टाकू नका. उसाआड शेजारचा राखणदार असू शकतो. मोठे छरे काही शे मीटर जातात. बार फुसका वाटला, तर लगेच दुसरा टाकू नका. बंदूक रिकामी करून नळीत काही अडकलं नाही ना, ते बघा. घरी बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात.

पीक पुन्हा घेता येतं, मंडळी. हात आणि जीव पुन्हा मिळत नाही.