सकाळची लापशी आणि प्रेशर कुकर

घरांतील सकाळ सुखाची जाईल कीं धांवपळीची, हें पुष्कळदां न्याहारीवर अवलंबून असतें. जळगांव-धुळ्याकडे उन्हाळा तापूं लागला म्हणजे शाळा सकाळच्या होतात. भुसावळला नोकरीस जाणारास गाडी गांठावयाची असते. आणि या सर्वांच्या आधीं उठून शेगडीपाशीं उभी राहणारी गृहिणी बहुधा स्वतः कांहीं न खातांच दिवसाच्या कामास लागते. पोटभरीची, पचावयास हलकी आणि फारशी देखरेख न मागणारी न्याहारी कोणती, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नव्हे. धान्याची लापशी हें त्याचें एक चांगलें उत्तर आहे. ती उघड्या भांड्यांत करावयाची तर सारखी ढवळावी लागते. प्रेशर कुकरांत करावयाची तर ढवळणें टळतें, परंतु एक नियम कसोशीनें पाळावा लागतो.

लापशी खानदेशास नवी नाहीं. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनींत रब्बीची दादर ज्वारी पिकते. ही ज्वारी जात्यावर भरडून, तिचें पीठ चाळून काढल्यावर जो जाडसर भरडा उरतो, त्याच कण्या. पाण्यांत मऊ शिजविलेल्या कण्या दुधाशीं किंवा ताकाशीं खाण्याचा प्रघात महाराष्ट्रांत जुना आहे. ओट हें धान्य मात्र इकडचें नव्हे. थंड व ओलसर हवेचें तें पीक. स्कॉटलंडमध्यें त्याची लापशी शतकानुशतकें सामान्य जनांचें मुख्य अन्न होती. भारतांत ओट पेरतात ते मुख्यत्वें हिरव्या चाऱ्यासाठीं. आतां शहरांतील दुकानांत मिळणारे बहुतेक ओट वाफवून रुळांखालीं चेपलेले असतात, म्हणजे एका परीनें ते ओटाचे पोहेच होत. अख्ख्या दाण्याचे पात्यानें दोन-तीन तुकडे केलेला प्रकारहि मिळतो. त्याचें नातें कण्यांशीं अधिक जवळचें आहे.

ओटांचा जो लौकिक झाला आहे त्यास आधार नाहीं असें नाहीं. त्यांत बीटा-ग्लुकन नांवाचा पाण्यांत विरघळणारा तंतू असतो व तो रक्तांतील कोलेस्टेरॉल कांहीं अंशीं कमी करण्यास साहाय्य करतो. अमेरिकेंतील अन्न व औषध खात्यानें १९९७ मध्यें तसा उल्लेख वेष्टणावर करण्यास अनुज्ञा दिली, ती रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटांत जाण्याच्या हिशेबानें. चाळीस ग्रॅम ओटांत तो साधारण दीड ग्रॅम मिळतो. तेव्हां एक वाटी लापशी हें चांगलें अन्न आहे, औषध नव्हे. शिवाय ओट आले म्हणून ज्वारी हलकी ठरत नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलें, त्या धान्यांत ज्वारीची गणना प्रामुख्यानें होते. ज्या घरांत कण्या आहेत त्या घरानें परक्या पुड्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. कृति दोहोंची एकच आहे.

आतां कुकरच्या कार्याकडे वळूं. समुद्रसपाटीवर उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतें. जळगांव सुमारें २०० मीटर उंचीवर असल्यामुळें तेथें तें किंचित् आधींच उकळतें. त्यापुढें कितीहि जाळ केला तरी पाणी अधिक तापत नाहीं, फक्त आटतें. बंद कुकरांत वाफ कोंडली जाऊन दाब वाढतो आणि पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यानें लंडन येथें १६७९ मध्यें या तत्त्वावर हाडें मऊ करणारें यंत्र सिद्ध केलें, आणि दाब बेताबाहेर जाऊं नये म्हणून त्यास वजनाची झडपहि बसविली. भारतांत १९५९ च्या सुमारास प्रेशर कुकर तयार होऊं लागले. आजच्या कुकरावरील वजन हें त्या झडपेचेंच वंशज होय.

लापशीच्या बाबतींत नेमका येथेंच धोका आहे. धान्यांतील पिष्ट पाणी शोषून फुगतें, चिकट होतें आणि उकळतांना फेस धरतें. हा फेस वर चढून वाफेच्या छिद्रांत वाळला तर छिद्र बुजतें, वाफेस वाट उरत नाहीं आणि सारा भार सुरक्षा-झडपेवर येतो. एकदां वितळलेली ही झडप बदलावीच लागते. म्हणून नियम असा कीं, लापशी कुकरच्या मूळ भांड्यांत कधींहि शिजवूं नये. वरणभाताप्रमाणें ती आंत ठेवलेल्या डब्यांतच शिजवावी. यांत दुसराहि लाभ आहे. डब्यास विस्तवाची आंच थेट लागत नाहीं, वाफेचीच लागते. त्यामुळें तळ करपत नाहीं आणि ढवळण्याची गरजच उरत नाहीं.

कृति पुढीलप्रमाणें. कुकरच्या तळाशीं सुमारें तीन वाट्या पाणी घालून त्यांत जाळी ठेवावी. उंच डब्यांत धान्य, पाणी, चिमूटभर मीठ आणि फेस दबावा म्हणून अर्धा चमचा तूप घालावें. ओटाच्या पोह्यांना वाटीस अडीच वाट्या पाणी लागतें, ओटाच्या तुकड्यांना तीन आणि भिजविलेल्या कण्यांना चार. डबा निम्म्याहून अधिक भरूं नये; म्हणजे एक वाटी कण्यांसाठीं दहा वाट्यांचा डबा हवा. डब्यावर ताटली ठेवावी. झाकण लावण्यापूर्वीं वाफेचें छिद्र उजेडाकडे धरून तें मोकळें आहे याची खात्री करावी. पहिली शिटी झाल्यावर आंच मंद करून पोह्यांना तीन मिनिटें, तुकड्यांना बारा आणि कण्यांना वीस मिनिटें द्यावीं. मग विस्तव बंद करून दाब आपोआप उतरूं द्यावा. घाईनें वजन उचलूं नये. दाब एकदम गेला तर आंतील तप्त लापशी उसळून उडते. दहा-पंधरा मिनिटांची ही प्रतीक्षा कृतीचाच भाग समजावी.

कण्या रात्रीं भिजवाव्या, परंतु ऋतु पाहून. हिवाळ्यांत त्या ओट्यावर निर्धास्त राहतात. वैशाखांत, जेव्हां जळगांवचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां त्या पहाटेपर्यंत आंबूं लागतात. अशा दिवसांत भिजवण शीतकपाटांत ठेवावें. दूध शिजतांना घालूं नये. तें उतूं जातें. गूळहि लापशी जराशी निवल्यावरच मिसळावा, नाहींतर ऊन दूध फाटण्याचा संभव असतो. रावेर-यावलकडील केळ्याचे काप आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट घातला कीं साखरेची आठवण होत नाहीं. गोड नको असेल त्यानें कण्यांत ताक व जिऱ्याची फोडणी घालावी.

ओटाचे पोहे उघड्या भांड्यांतहि पांच मिनिटांत शिजतात; केवळ घड्याळ पाहिलें तर त्यांना कुकरची आवश्यकता नाहीं. कण्यांचा आणि तुकड्यांचा वेळ मात्र खरोखर वांचतो. परंतु सर्वांत मोठी बचत मिनिटांची नसून लक्षाची आहे. जी अर्धी घटका पळी हातांत धरून उभें राहण्यांत जात असे, तेवढ्यांत स्नान होतें, मुलांचीं दप्तरें भरून होतात. आणि दाब उतरून झाकण उघडेल तेव्हां एक ताटली अधिक मांडावी. घरांत जी सर्वांच्या आधीं उठते, तिनेंहि सर्वांबरोबर बसून खावें. कुकरनें वांचविलेल्या वेळावर पहिला हक्क तिचाच आहे.