पाडव्याला कूलंट, मृगाला वायपर

बीडहून सोलापूरच्या दिशेनं निघालं, की शहर मागे पडल्यावर थोड्याच अंतरात पाली लागते. इथं बिंदुसरा प्रकल्पाचं पाणी आहे आणि पुढे बालाघाटची डोंगररांग, तिच्यावर चढणारा मांजरसुंब्याचा घाट. धुळे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ याच वाटेनं जातो. बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर दवाखाना, लग्न, बाजार, पोरांचं कॉलेज, सगळी भिस्त रस्त्यावरच होती आणि बरीचशी अजूनही आहे. म्हणून या भागातली दारातली चारचाकी चैनीची कमी आणि गरजेची जास्त.

ती मात्र दोनच वेळा उघडून पाहिली जाते. सर्व्हिसिंगचा फोन आला तेव्हा, नाहीतर रस्त्यात बंद पडली तेव्हा. मधल्या काळात काय पाहायचं, कधी पाहायचं आणि का, ते इथं क्रमानं मांडलं आहे.

पुस्तिकेतलं न वाचलेलं पान

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असते. तिच्यात सर्व्हिसिंगचा तक्ता असतो: अमुक किलोमीटर किंवा अमुक महिने, जे आधी होईल ते. बहुतेक पुस्तिकांत त्याच्या जवळच आणखी एक भाग असतो, कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांसाठी. कठीण म्हणजे काय? धुळीचे रस्ते, कडक ऊन, चढ-उतार, भरलेली गाडी, आणि इंजिन पुरतं तापायच्या आत संपणाऱ्या छोट्या फेऱ्या. ही यादी पालीच्या माणसानं वाचली तर त्याला आपल्याच रस्त्याचं वर्णन वाटेल.

थोडक्यात, नेहमीचा तक्ता आपल्यासाठी नाहीच. एअर फिल्टर आणि ऑइल यांची मुदत या भागात अलीकडे ओढावी लागते. ‘गाडी फिरलीच कुठे’ हे कारणही चालत नाही. वर्षात तीनच हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचंही ऑइल, ब्रेकचं तेल, रबर आणि बॅटरी वयानं मोठी होतच असतात. म्हणून तक्त्यात किलोमीटरबरोबर महिने लिहिलेले असतात.

इंजिन ऑइल: पट्टी काय सांगते

दर पंधरा दिवसांनी आणि लांबच्या प्रवासाआधी ऑइल पाहावं. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं, पट्टी काढून पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेखाली गेलं तर इंजिनाच्या भागांना वंगण कमी पडतं. वरच्या खुणेच्या वर भरणंही तितकंच चुकीचं, कारण जास्तीचं ऑइल फिरत्या भागांत घुसळून फेसाळतं.

डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. तेवढ्यानं घाबरू नये, काजळी धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. पण ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर त्यात कूलंट मिसळल्याची शंका घ्यावी आणि गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवावं.

डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-३०’ या आकड्यांतला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा तापल्यावरच्या जाडपणाचा. पुस्तिकेत जो ग्रेड लिहिला आहे तोच घालावा. ‘आपल्याकडं ऊन जास्त, जाड ऑइल टाकू’ हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. आजच्या इंजिनातल्या अरुंद वाटा पातळ ऑइलचा हिशोब धरूनच केलेल्या असतात.

कूलंट: बोअरचं पाणी नको

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणं ही आपल्याकडची जुनी सवय. त्या पाण्याचं काय होतं हे घरातला बंब सांगतो. आतून पांढरा, टणक थर धरतो. रेडिएटरच्या नळ्या तर बारीकच असतात. तिथं असाच क्षार बसला, की पाणी फिरत नाही आणि गाडी गरम होते. साध्या पाण्यानं आतला धातूही गंजतो. कूलंट गंज रोखतं आणि उकळण्याचा बिंदू वाढवतं. ते तयार मिश्रणाचं घ्यावं, नाहीतर पुस्तिकेतल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळावं. रंग पाहून दोन वेगळी कूलंट एकत्र करू नयेत.

पातळी पाहायची ती इंजिन थंड असताना, प्लास्टिकच्या टाकीवरच्या खुणांवरून. वारंवार भरावं लागत असेल, तर कुठंतरी गळती आहे. नुसतं भरत राहणं हा त्यावर उपाय नव्हे.

मे महिन्यात, दुपारी, माणसांनी भरलेली गाडी एसी लावून घाट चढताना काटा वर जाऊ लागला, तर आधी एसी बंद करावा. तरीही चढत राहिला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावं आणि निदान अर्धा तास वाट पाहावी. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते उसळून हातातोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर बाटलीभर गार पाणी ओतणंही तेवढंच वाईट, धातूला तडा जाऊ शकतो.

धूळ: गाडीचा दमा

इंजिन हवा घेतं ती कागदी एअर फिल्टरमधून. तो बुजला, की गाडी ओढत नाही आणि पिकअप मरतो. फिल्टरची पेटी बहुतेक गाड्यांत हातानं किंवा साध्या पान्यानं उघडते. फिल्टर हलकेच आपटून झटकावा, हवा मारायची तर कमी दाबानं, आतल्या बाजूनं बाहेर. जोराच्या हवेनं कागदाला बारीक भोकं पडतात आणि मग धूळ थेट इंजिनात जाते. पाण्यानं धुवायचा तर नाहीच.

दुसरा फिल्टर एसीचा. पुष्कळ गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. एसीचा वारा कमी झाला, कुबट वास यायला लागला, की गॅस भरायला धावण्याआधी हा फिल्टर काढून पाहावा.

गाडी पुसण्याबद्दलही इथंच. धुळीनं भरलेल्या पत्र्यावर ओलं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर घासणं. आधी मऊ झटकणीनं धूळ काढावी, मग पाणी. पाण्याची टंचाई नवी नसलेल्या भागात पाइप कशाला? एक बादली साबणाची आणि एक साध्या पाण्याची, दोन बादल्यांत गाडी स्वच्छ होते.

टायर: हवा सकाळीच

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर तोही तिथंच. हवा पाहायची ती टायर थंड असताना, सकाळी. गाडी पळाली की टायर तापतो आणि आतला दाब तीन-चार पॉइंट सहज वाढतो. दुपारी महामार्गावरून आल्यावर ‘हवा जास्त झाली’ म्हणून कमी केली, तर सकाळी ती कमीच भरते. कमी हवेचा टायर बाजूंनी जास्त वाकतो, तापतो आणि तापलेल्या रस्त्यावर वेगात फुटतो. उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवण्याचा सल्ला म्हणूनच उलटा आहे.

टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर राहिली, की टायर बदलायचा. नक्षी शाबूत असली तरी वय पाहावं. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. पाच वर्षं उलटल्यावर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा, बाजूला भेगा दिसल्या तर लगेच.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर जागेवर उपटू नये. तो हवा अडवून धरतो. हवा पाहत, हळू, पंक्चरवाल्यापर्यंत जावं. आणि स्टेपनीची हवा? ती बहुतेकांना गरज पडल्यावरच आठवते.

घाट उतरताना

मांजरसुंब्याकडून पालीकडं येताना उतार लागतो. तिथं ‘न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं’ हा सल्ला अजून ऐकू येतो. आजच्या गाड्यांत गोष्ट उलट आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की इंजिनाला जाणारं इंधन जवळजवळ थांबतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे वाचत काही नाही, फक्त इंजिनाची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. इंजिनच बंद केलं तर दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा.

ब्रेकचं तेल हवेतलं बाष्प शोषून घेतं. जुन्या तेलात पाणी वाढलं, की सततच्या ब्रेकनं ते तापून उकळतं, नळीत वाफ होते आणि पॅडल खाली बसतं. म्हणून ते सहसा दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी कितीही कमी चालली तरी. ब्रेक दाबताना किरकिर आली तर पॅड संपत आल्याची ती सूचना समजावी, घरघर आली तर उशीर झालेला आहे.

बॅटरी आणि उभी गाडी

बॅटरी दगा देते थंडीच्या सकाळी, पण तिचं आयुष्य खाल्लेलं असतं उन्हाळ्यानं. सेल्फ मारताना आवाज ओढल्यासारखा येऊ लागला, की दुकानात व्होल्टेज पाहून घ्यावं. चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी ऋण टोक सोडवून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशनं धुवावी, कोरडी करून वर व्हॅसलीन लावावं. जोडताना ऋण टोक शेवटी.

गाडी दारात नुसती उभी असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवून आणावी. जागच्या जागी पाच मिनिटं चालू ठेवून बॅटरी भरत नाही. नव्या डिझेल गाड्यांना तर हे फार गरजेचं. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर काजळी धरतो आणि ती जाळायला सलग वेगातली धाव लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या डिझेल गाडीला अधूनमधून महामार्ग दाखवावा तो यासाठी.

उभ्या गाडीचा दुसरा शत्रू उंदीर. कडब्याच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या खोलीला लागून गाडी लावली, तर इंजिनाची ऊब त्याला आयती मिळते आणि वायर कुरतडल्या जातात. आठवड्यातून दोनदा बोनेट उघडून पाहावं. लेंड्या, कापूस, सालपटं दिसली, की जागा बदलावी. तंबाखूची पुडी ठेवून निर्धास्त होऊ नये, वास उडाला की पाहुणा परत येतो.

पावसात

उन्हानं वायपरचं रबर कडक होतं आणि ते कळतं पहिल्याच सरीत. पावसाआधीच काच ओली करून वायपर फिरवून पाहावा. रेघा उमटल्या तर पाती बदलावी. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये. फूटभर वाहतं पाणीही छोटी गाडी ढकलू शकतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल्फ मारून सुरू करायला जाऊ नये. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च इंजिनाचा होतो. अशी गाडी ढकलून बाहेर काढावी आणि ओढून न्यावी.

मिस्त्री आणि कागद

मिस्त्रीकडं जाताना ‘आवाज येतो’ एवढंच सांगू नये. कधी येतो, थंड असताना की तापल्यावर, वळताना की ब्रेक मारताना, कोणत्या वेगाला, हे सांगितलं तर त्याचा वेळ आणि आपला पैसा वाचतो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि तारीख, किलोमीटर, काम एका वहीत लिहावं. गाडी विकताना ही वही कामी येते.

कागदांतही तारखा असतात. विमा, किमान तिसऱ्या पक्षाचा, कायद्यानं सक्तीचा. पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे आरटीओकडून तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एमएच-२३च्या जुन्या गाड्या दारात पुष्कळ आहेत, त्यांच्या मालकांनी आरसी काढून तारीख पाहावी.

सणाला बांधलेलं वेळापत्रक

किलोमीटर लक्षात राहत नाहीत, सण राहतात. तेव्हा कामं सणांनाच बांधावीत.

- गुढीपाडवा: ऊन वाढण्याआधी कूलंट, रेडिएटरचे पाइप, एसीचा फिल्टर, बॅटरी.
- मृग: जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत वायपर, टायरची नक्षी, ब्रेक, सगळे दिवे.
- दसरा: पावसाचा चिखल खालून धुवून घ्यावा. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, व्हील अलाइनमेंट.
- संक्रांत: उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, काहींच्या मागे दिवाच नसतो. हेडलाइटचा झोत नीट करून घ्यावा, काच आतूनही पुसावी.

खंडेनवमी-दसऱ्याला गाडी धुतली जाते, हळदकुंकू लागतं, चाकाखाली लिंबू येतं आणि तोंडावर झेंडूचा भरघोस हार चढतो. हार जरूर घालावा, पण निघण्याआधी जाळीपुढून बाजूला सारावा. रेडिएटर तिथूनच श्वास घेतो आणि पुढे घाट आहे.