शेवटचा पेपर भूगोलाचा

दहावीचे वेळापत्रक घरात आले की आधी गणिताखाली रेघ मारली जाते, मग विज्ञानाखाली. भूगोल बहुतेक वर्षी सगळ्यांत शेवटी येतो आणि अभ्यासातही त्याचा नंबर शेवटचाच लागतो. यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे. 'तो काय, वाचला की येतो,' असे आम्हीच वर्षानुवर्षे वर्गात म्हणत आलो.

२०२० च्या मार्चपासून आम्ही ते बोलणे सोडले. त्या वर्षी २३ मार्चला भूगोलाचा पेपर होता. कोरोनामुळे तो आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. इतर पेपरांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. बहुतेक मुले खूश होती. कोलशेतची आमची एक विद्यार्थिनी मात्र रडली. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकून ती मराठीत आली होती. गणितात जेमतेम, पण भूगोलावर तिने जीव ओतला होता. सरासरीत तिचा सर्वांत पक्का विषय कच्च्या विषयांच्या रांगेत जाऊन बसला. तिची अम्मी म्हणाली, "सर, हिची मेहनत कुठे गेली?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

पण तिची अभ्यासाची रीत आम्ही ठेवून घेतली. माध्यम बदलून आलेल्या मुलांना भूगोल जड जातो तो शब्दांमुळे. या मुलीने वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने केले होते. विषुववृत्त म्हणजे खत-ए-इस्तिवा, कर्कवृत्त म्हणजे खत-ए-सरतान, मकरवृत्त म्हणजे खत-ए-जदी, द्वीपकल्प म्हणजे जझीरानुमा. जझीरा म्हणजे बेट हे एकदा कळले की मुरुडचा जंजिराही लक्षात राहतो. मान्सून हा शब्द तर अरबी 'मौसिम'वरूनच आला. ज्या मुलाला वाटते की हा विषय परका आहे, त्याच्या घरातच निम्मे शब्द असतात, फक्त कुणी दाखवून द्यावे लागतात.

दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. ब्राझील आमच्या मुलांनी फुटबॉलमध्ये तेवढा पाहिलेला. म्हणून आम्ही चार-पाच मुलांना एका रविवारी कोलशेतच्या खाडीवर नेले. ओहोटी होती. चिखलात तिवरांची मुळे वर आलेली, पलीकडे भिवंडी तालुक्यातले काल्हेर. मागे वळले की येऊरचे डोंगर आणि मध्ये कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर. आम्ही विचारले, गंगेसारखा त्रिभुज प्रदेश इथे का नाही? उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत इथे येते. डोंगर समुद्राच्या इतका जवळ की नदीला पसरायला वावच मिळत नाही, शिवाय भरती-ओहोटीचे पाणी रोज आत-बाहेर करते. म्हणून इथे खाडी आहे. मग ॲमेझॉनकडे गेलो. ती तर जगातली सर्वांत मोठ्या जलसाठ्याची नदी, तरी तिच्याही मुखाशी गंगेसारखा त्रिभुज प्रदेश नाही. तिथले कारण वेगळे: पाण्याचा प्रचंड लोंढा आणि समुद्रातले प्रवाह गाळ साचू देत नाहीत. 'भौगोलिक कारणे लिहा' हा प्रश्न असा काठावर उभे राहून सोडवला की पाठ करावा लागत नाही. एका मुलाने आणखी एक गोष्ट पकडली. चांद दिसतो त्या सुमारास आणि पुन्हा चौदा-पंधरा तारखेला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, खाडीला उधाण येते. हिजरी कॅलेंडर भिंतीवर असेल तर उधाणाचे दिवस त्यातच सापडतात.

आता गुणांचे. चाळीस गुणांच्या पेपरात नकाशाचे आठ आणि आलेखाचे सहा, म्हणजे चौदा गुण हाताच्या सवयीचे आहेत. ब्राझीलचा आराखडा समोर ठेवून रोज चारच गोष्टी भराव्यात, चिन्हे वापरावीत आणि सूची करावी. सूची विसरून गुण घालवणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. आलेखाला शीर्षक आणि प्रमाण हवे. पट्टी, पेन्सिल, खोडरबर आदल्या रात्रीच पिशवीत टाकावे. सांगायला क्षुल्लक वाटते, पण परीक्षा केंद्राबाहेर सर्वांत जास्त धावपळ याचसाठी होते.

नकाशा उलटा वाटतो अशी तक्रार असते. अल-इद्रिसी यांनी ११५४ मध्ये सिसिलीच्या राजा रॉजरसाठी जगाचा नकाशा केला, त्यात दक्षिण दिशा वर होती. हे सांगितल्यावर मुले पुस्तक उलटे धरून ब्राझील पाहतात. पाहू द्यावे.

या काही वर्षांत परीक्षा आणि रमजान एकत्र येत आहेत. २०२५ मध्ये भूगोलाचा पेपर १७ मार्चला, दुसऱ्या अशऱ्यात होता. सहरीनंतर फजर पढून सूर्य वर येईपर्यंतचा तास-सव्वा तास नकाशासाठी उत्तम. दुपारी डोके जड होते, तेव्हा पाठांतराचा हट्ट नको. आणि एक कटू बोलतो: मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि त्याच इयत्तेतली बहीण असरपासून इफ्तारीची भजी तळते, हे आम्ही अनेक घरांत पाहिले. पंधरा दिवस खजूर आणि फळांवर रोजा सोडला तर काही बिघडत नाही.

त्या मुलीचा धाकटा भाऊ त्याच वर्षी दहावीला होता. बहिणीची दोन रकान्यांची वही त्याच्याकडे आली होती. पेपरच्या आधी दोन दिवस तो रेखावृत्तांचा हिशेब करत बसला होता. भारताची प्रमाणवेळ आणि ब्राझिलियाची वेळ यांत साडेआठ तासांचे अंतर.

"सर, आमचा पेपर अकराला सुरू होईल तेव्हा तिथे रात्रीचे अडीच वाजलेले असतील ना?"

"बरोबर."

"मग तिथल्या लोकांची सहरी अजून व्हायची असेल."

बहीण आतून म्हणाली, "हेच पेपरात लिहू नकोस म्हणजे झालं."